गुलमर्गच्या बर्फात निळ्या पिंपाची गाडी

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला निळ्या पिंपाची ओळख करून द्यावी लागत नाही. पहाटे नळ येतो, पाऊण तासात जातो आणि दिवसभराचे पाणी त्या पिंपात साठवावे लागते. आमचे लहानपण अशाच पिंपाच्या आडोशाने गेले. हेच पिंप एके दिवशी काश्मीरच्या बर्फात आमच्या धाकट्या मुलीची गाडी होईल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पण तसे घडले खरे. त्याचीच ही हकिगत.

कार्यालयातून रजा प्रवास सवलत मिळाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही काश्मीरला निघालो. मुलांची आई, तेरा वर्षांचा थोरला, सात वर्षांची धाकटी आणि आम्ही, असे चौघे. तेव्हा रेल्वे सलग नव्हती. कटरा ते श्रीनगर अशी थेट गाडी सुरू झाली ती पुढे ६ जून २०२५ रोजी. आम्ही जम्मूपर्यंत रेल्वेने, तिथून बनिहालपर्यंत मोटारीने आणि बनिहालहून पुन्हा रेल्वेने श्रीनगरला पोचलो. बनिहालच्या पुढे पीर पंजाल डोंगराखालचा अकरा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. एका तोंडाने आत शिरलो तेव्हा डोंगर काळे होते. दुसऱ्या तोंडाने बाहेर आलो तर सगळे पांढरे. धाकटीने काचेला नाक लावले ते श्रीनगर येईपर्यंत काढले नाही.

कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या ओळखीने टंगमर्ग येथे एका घरी उतरण्याची सोय झाली होती. टंगमर्ग हे गुलमर्गच्या पायथ्याचे गाव. तिथून वर गुलमर्ग तेरा किलोमीटर. हिवाळ्यात त्या चढावर चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या गाड्याच जातात. घरधनी साठीच्या पुढचे. उन्हाळ्यात सुतारकाम करायचे आणि पानगळीच्या दिवसांत सफरचंदाच्या पेट्या ठोकायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून आम्हीही चाचा म्हणू लागलो. त्यांनी पहिल्या संध्याकाळी मिठाचा गुलाबी चहा पाजला आणि थंडीचा हिशोब समजावून सांगितला. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवसांची कडक थंडी ती चिल्लई कलां, त्यापुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. म्हणजे थोरली, मधली आणि धाकटी थंडी. आम्ही आलो होतो मधलीत.

"यंदा थोरलीने आम्हाला फसवले," चाचा म्हणाले. जानेवारीत बर्फ पडलाच नव्हता. गुलमर्गची मैदाने ऐन हिवाळ्यात पिवळी पडून राहिली होती. बर्फ आला तो जानेवारी सरता सरता. बर्फ नाही म्हणजे पर्यटक नाही, आणि पर्यटक नाही म्हणजे चूल नाही. आपल्याकडे मृग कोरडा गेला की शेतमजुराच्या घरात जे होते तेच इथे होते, एवढे आम्हाला त्या बोलण्यातून कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो. गुलमर्ग म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरची एक मोठी बशी. भोवती देवदारांचे रान, मधे मैदान, आणि एका बाजूने अफरवटच्या शिखराकडे चढणारी दोरावरची गाडी, जिला गोंडोला म्हणतात. भाड्याचे गमबूट आणि जाड कोट घालून आम्ही मैदानात पाऊल टाकले आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. धाकटी तर मांडीपर्यंत. चार पावले टाकायला तिला धाप लागू लागली. वीस-पंचवीस पावलांनंतर ती बर्फातच बसली.

तेवढ्यात एक माणूस आला. वय चाळिशीचे, अंगात फेरन, हातात दोर आणि दोराच्या टोकाला लाकडी घसरगाडी. तिथे तिला स्लेज म्हणतात. बांधणी अगदी साधी. दोन लाकडी धावा, पुढून वर वळलेल्या, त्यांवर फळ्या ठोकलेल्या. वर पर्यटक बसतो, माणूस दोर धरून ओढत चढावर नेतो आणि उतारावर स्वतः पुढे बसून टाचांनी गाडी आवरतो. त्या दिवशी मैदानात अशा पुष्कळ गाड्या फिरत होत्या. जाडजूड माणसे ऐसपैस बसली होती, छायाचित्रे काढत होती, आणि पुढे वाकलेली माणसे त्यांना ओढत होती.

"बसा भाईसाहब. बच्ची थकली आहे."

आम्ही नको म्हणालो. धाकटी म्हणाली, "पप्पा, मला बसायचंय." आम्ही पुन्हा नको म्हणालो. ती रडू लागली.

इथे आमच्या वडिलांबद्दल सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबांनी मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला पंचवीस वर्षे हातगाडी ओढली. खांद्याला पट्टा, तळहाताला घट्टे, पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या. १९८९ साली वस्तीतल्या लोकांनी माथेरानची सहल काढली तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. तिथे हातरिक्षा उभ्या होत्या. एक माणूस पुढून ओढत असे आणि मागून एकदोघे रेटत असत. आम्ही चालून दमलो आणि रिक्षासाठी रडलो. आबांनी एक शब्द उच्चारला नाही. आम्हाला उचलून खांद्यावर घेतले आणि त्या लाल मातीच्या रस्त्याने बाजारापर्यंत चालत राहिले. संध्याकाळी एवढेच म्हणाले, "मी माल ओढतो. माणसावर बसायची वेळ आपल्यावर येऊ नये."

आज आबा नाहीत. पण गुलमर्गच्या त्या मैदानात धाकटी रडत होती आणि आम्हाला ती लाल माती दिसत होती. आम्ही तिला उचलून खांद्यावर घेतले. एकोणीस किलोचे मूल. आबांचे खांदे हातगाडीने घडवलेले होते, आमचे खांदे लेखणीने. त्या विरळ हवेत साठ-सत्तर पावलांत आमची छाती भात्यासारखी हलू लागली.

स्लेजवाला अजून शेजारून चालतच होता. आम्ही त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला, की आम्हाला पैसे वाचवायचे नाहीत, पण माणसाने ओढलेल्या गाडीत बसणे आम्हाला पटत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "भाईसाहब, तुमचे विचार चांगले आहेत. महिनाभर बर्फ नव्हता, तेव्हा मला कोणी ओढायला सांगितले नाही. माझी पाठ सरळ होती आणि घरात तांदूळ नव्हते. आता सांगा, मी काय करू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. आम्ही दुपारीच खाली उतरलो.

रात्री बुखारीभोवती बसून ही गोष्ट चाचांना सांगितली. त्यांचा स्वतःचा थोरला मुलगाही वर स्लेज ओढतो, हे तेव्हा कळले. आम्ही ओशाळलो. चाचांनी मात्र वाईट वाटून घेतले नाही. "तुमचे वडील बरोबर होते आणि तो स्लेजवालाही बरोबर आहे," ते म्हणाले. "पण बापाने लेकराला ओढायला कोणाची हरकत आहे? उद्या गाडी करू."

सकाळी चाचा आम्हाला कोठीत घेऊन गेले. लाकडाची लहान स्लेज करायची तर लाकूड वाळलेले हवे, धावा वाकवायला वेळ हवा. तेवढा वेळ नव्हता. कोपऱ्यात निळे पिंप दिसले. दोनशे लिटरचे, पाण्याचे, तळाला तडा गेलेले. शेजाऱ्याचे होते. चारशे रुपयांना सौदा ठरला. बर्फावर घसरायला हे प्लॅस्टिक उत्तम, कारण ते पाणी पीत नाही आणि बर्फ त्याला चिकटत नाही. कुणालाही हा प्रयोग करायचा असेल तर एक काळजी घ्यावी. पिंप पाण्याचेच असावे. रसायनाचे पिंप धुऊनही मुलांच्या कामाचे नाही.

करवतीने पिंप उभे चिरले. अर्धे म्हणजे लांबीला हातभर दोन हात, रुंदीला मूल मांडी घालून बसेल एवढी पन्हळ झाली. थोरल्याने कानशीने कडा घासल्या आणि पाण्याची जुनी रबरी नळी उभी चिरून कडेवर चढवली, म्हणजे हात कापायला नको. पुढे दोन भोके पाडून दोर ओवला. तासाभरात गाडी तयार, असे वाटून आम्ही अंगणात नेली.

पहिल्याच फेरीत तीन दोष दिसले.

पहिला दोष असा, की पिंपाची चपटी तबकडी पुढे उभी असल्याने ती बर्फ नांगरू लागली. पाच पावलांत पुढे बर्फाचा ढीग झाला आणि गाडी अडली. चाचांनी पुढची तबकडी कापून टाकली, दोन्ही बाजूंनी वीतभर चिरा दिल्या, मधल्या जिभेवर उकळते पाणी ओतले आणि प्लॅस्टिक मऊ पडताच ती वर वळवली. बाजूचे कान तिच्यावर चढवून बोल्ट आणि मोठ्या वायसरी लावून घट्ट केले. आता नाक होडीसारखे वर आले. अशी होडीच्या आकाराची गाडी उत्तर युरोपातले सामी लोक पूर्वीपासून रेनडिअरमागे जोडतात आणि आजही तिकडे आईबाप अशाच लहान गाड्यांतून मुलांना बर्फावर ओढतात, हे आम्ही घरी परतल्यावर वाचले. चाचांनी ते वाचले नव्हते. बर्फ जे शिकवतो ते सगळीकडे सारखेच शिकवत असावा.

दुसरा दोष, गोल बुडाची गाडी डुलते. धाकटी डावीकडे वळली आणि गाडीसकट कलंडली. हसत होती म्हणून बरे. त्यावर चाचांनी सफरचंदाच्या पेटीच्या सफेद्याच्या पट्ट्या घेतल्या आणि बुडाखाली दोन बाजूंना, दीड वीत अंतर ठेवून, दोन लांब धावा बसवल्या. सफेद्याचे लाकूड हलके, पण ओले झाले की त्याला बर्फ चिकटतो. म्हणून उरलेल्या पिंपाच्या पट्ट्या कापून धावांच्या तळाला ठोकल्या आणि वर मेणबत्ती घासली. इथे एक गोष्ट शिकलो. बर्फ कडक असेल तर अरुंद धाव चालते. भुसभुशीत असेल तर अरुंद धाव सुरीसारखी आत जाते, तिथे रुंद बूडच हवे. आमच्या गाडीला दोन्ही होते. कडक जागी ती धावांवर चाले आणि मऊ जागी पोटावर तरंगे.

तिसरा दोष सर्वांत वाईट. अंगणाच्या उताराला लागताच गाडी आमच्यापेक्षा वेगाने आली आणि मागून टाचांवर आदळली. आम्ही पालथे पडलो आणि धाकटी आमच्या पाठीवर. दोर ओढतो, पण अडवत नाही. बैलगाडीला दोराऐवजी दांड्या असतात त्या याचसाठी. चाचांचा मुलगा बाजारातून विजेच्या वायरिंगचा जाड पाईप घेऊन आला. त्याचे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे केले, आतून दोर ओवला आणि टोके गाडीला व आमच्या कमरेच्या पट्ट्याला बांधली. थोरल्याने सुचवले की दोन्ही दांड्या एकमेकींवरून फुलीसारख्या न्याव्यात. आम्ही वळू तिकडे गाडीचे नाक वळेल, असा त्याचा तर्क होता. करून पाहिले. तर्क बरोबर निघाला.

कमरेच्या पट्ट्याची कल्पना मात्र आबांची. हाताने ओढू नये, हात लवकर मरतात, ओझे अंगाच्या मधल्या भागावर घ्यावे. सुरुवातीला लहान पावले टाकावीत, गाडी चालती झाली की लांब. चढावर थांबू नये, थांबायचे तर आडवे व्हावे. हे सगळे आबा आम्हाला गमतीने सांगत. पुढे कधी उपयोगी पडेल असे त्यांनाही वाटले नसेल आणि आम्हालाही नाही.

आत बसायची सोय मुलांच्या आईने केली. सफरचंदाच्या पेटीत भरतात तो भाताचा पेंढा खाली, त्यावर चाचींनी दिलेला जुना नमदा. चाचींनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. ओढणारा घामाघूम होतो, म्हणून त्याला वाटते थंडी नाही. बसलेले मूल हलत नाही, ते गारठते. दर दहा मिनिटांनी थांबावे, मोजे काढून बोटे पाहावीत, मुलाला उतरवून चार पावले चालवावे. गळपट्टीची टोके आत खोचावीत, लोंबती ठेवू नयेत. मुलाला बांधायचे तर एका ओढीत सुटेल अशी गाठ मारावी. निखाऱ्यांची कांगडी गाडीत मुळीच देऊ नये. आणि ज्या उताराच्या खाली रस्ता किंवा पाणी आहे, तिकडे जाऊच नये.

खर्चाचा हिशोब लिहिण्याची आमची सवय सुटत नाही. पिंप ४००, पाईप ९०, बोल्ट-वायसर १२०, दोर ८०, एकूण ६९० रुपये. लाकूड, नमदा आणि मजुरी यांचे पैसे चाचांनी घेतले नाहीत. त्यामुळे हा हिशोब पुरा नाही, हे आम्हाला मान्य आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी टपावर बांधून पुन्हा गुलमर्गला गेलो. पट्टा कमरेला लावला, चार लहान पावले टाकली, आणि पिंप चालू लागले. ज्या मुलीला खांद्यावर घेऊन साठ पावलांत आमचा जीव जात होता, तिला ओढत आम्ही देवदारांच्या कडेकडेने निम्मे मैदान फिरलो. दुपारच्या उन्हात अफरवट झळकत होता. झाडांवरून मधूनच बर्फ धपकन खाली पडे आणि पुन्हा सारे शांत होई. धाकटी मागून "हळू, हळू" आणि "जोरात, जोरात" असे दोन्ही हुकूम एकाच वेळी देत होती. थोरल्यानेही ओढले आणि मग त्याच्या आईनेही. आईची पाळी सर्वांत लांब चालली.

परवाचा स्लेजवाला लांबून पाहत होता. जवळ आला, पिंपाभोवती एक फेरी मारली आणि मोठ्याने हसला. आणखी चारपाच जण जमले. एकाने दांड्या हलवून पाहिल्या, एकाने वळवलेल्या नाकावर टिचकी मारली. मग हा म्हणाला, "सपाटीवर ठीक आहे. उतारावर बेटीला पाडाल. या, दाखवतो." त्याने उतारावर तिरके कसे उतरावे, टाच बर्फात कशी रोवावी, गाडी आपल्या खालच्या अंगाला कधी येऊ द्यायची नाही, हे अर्धा तास शिकवले. धाकटीला बसवून त्याने स्वतः ओढली नाही. आम्हालाच ओढायला लावले आणि चुकलो की ओरडला. मुंबईत वरिष्ठ साहेबांनीही आम्हाला इतके झापले नसेल.

आम्ही त्याला पूर्ण फेरीचे पैसे पुढे केले. त्याने हात मागे घेतला. "मी ओढले कुठे?"

"तुम्ही शिकवले," आम्ही म्हणालो. "मास्तर पगार घेतात ना?"

तो थोडा थांबला, मग पैसे घेतले आणि बरोबरच्या माणसांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितले. ते सगळे हसले. चाचांच्या मुलाने नंतर अर्थ सांगितला. तो म्हणाला होता, "आजपासून मला मास्तर म्हणा."

यावरून आमचा प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये. एका दिवशी एका माणसाला पैसे देता आले, इतकेच. उद्या तो पुन्हा दोर खांद्यावर घेणार होता. पुढे २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांवर हल्ला झाला, २६ माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्यानंतर काश्मीरकडे जाणाऱ्यांची रीघ ओसरली. आम्ही चाचांना फोन केला तेव्हा ते प्रथम मेलेल्यांबद्दल बोलले आणि मग हळूच म्हणाले, पोरगा घरीच आहे.

त्याच वर्षी ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षांबद्दल निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला. आम्ही तो निकाल कार्यालयात डबा खाताना वाचला आणि आबांच्या खांद्यावरून दिसलेला तो रस्ता आठवला. पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटला तो निकालाचा दुसरा भाग. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने चालवायला द्याव्यात आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे पाठ सरळ व्हावी आणि घरात तांदूळही असावेत. गुलमर्गच्या त्या माणसाने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. ते आम्हाला सुचले नव्हते, कारण आम्ही फक्त आपण बसावे की न बसावे एवढाच विचार करीत होतो.

गाडी आम्ही चाचांकडेच ठेवून आलो. रेल्वेतून ती आणणार कशी, आणि मुंबईत बर्फ कुठला? परवा फोनवर कळले, की हिवाळ्यात त्यांची नातवंडे तिच्यात बसतात आणि एरवी चाची तिच्यातून जळण आणतात. दांड्या एकदा तुटल्या, नवा पाईप घातला. नाक मात्र शाबूत आहे.

आमच्या मोरीतल्या पिंपाकडे धाकटी आता वेगळ्या नजरेने पाहते. मधे एकदा पाणी भरताना तिने विचारले, "पप्पा, हे कधी फुटणार?"